वाटाण्याचं रोप आणि अकरा सेकंद

२०२२च्या पावसाळ्यात पोस्टमनने दुकानात एक पातळ पाकीट आणून दिलं. वर माझं नाव, खाली परंडा, जिल्हा उस्मानाबाद. आत एक आकडा होता. यूट्यूबवरच्या जाहिरातींतून पहिले दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे बघायला गुगल पोस्टाने असा पिन पाठवतं. पैसे मात्र शंभर डॉलर झाल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणजे हातात अजून काहीच नव्हतं. तरी आईने तो कागद देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी जाऊन सांगितलं, "पोराला अमेरिकेतून पत्र आलंय."

मी परंड्यात बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतो. व्हिडिओ वगैरे माझा प्रांत नाही. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा थोरली आठ वर्षांची होती आणि धाकटा पाचचा. दोन्ही पोरं घरात, बाहेर पोलिसांची गाडी. त्यांना गुंतवून ठेवायला बायकोने रोज एक उद्योग काढायला सुरुवात केली. चिंचोक्यांचा सारीपाट, काड्यापेट्यांची आगगाडी, पोळ्याआधी मातीचे बैल, जुन्या लग्नपत्रिकांचे मुखवटे. आई जुने खेळ सांगायची, बायको सामान जमवायची, पोरं करायची आणि मी फोन धरायचो. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेलं लोकांना आवडलं, म्हणून यूट्यूबवर टाकू लागलो.

जाहिरातीचे पैसे मिळायला २०१८पासून नियम आहे: एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी बघितलेलं असलं पाहिजे. आमचे हजार लोक लवकर झाले, चार हजार तास होईनात. मग थोरली एकदा किल्ल्यात उभी राहून 'मुलूख मैदान' तोफेची गोष्ट सांगू लागली. ही तोफ १५४९मध्ये अहमदनगरला ओतली. पुढे ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२मध्ये ती विजापूरला नेली आणि आजही तिथेच आहे. "आमची तोफ परत द्या," असं तिने शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हटलं आणि तो व्हिडिओ धावला. त्यावरून मी एक धडा घेतला: मातीच्या बैलापेक्षा पोरीचा चेहरा जास्त चालतो. मी धडा लगेच गिरवायला लागलो. चेहरा जवळून, हसू मोठं, चुकलं तर पुन्हा. कधी तीनदा, कधी पाचदा.

त्याच हिवाळ्यात आम्ही वाटाणा पेरला. कुंडीत दाणे टोचायचे, फोन एकाच जागी ठेवायचा, रोज एक फोटो काढायचा आणि महिन्याने सगळे जोडायचे. अर्ध्या मिनिटात रोप वर येतं, मान वळवतं, तणावा फेकतं. तो बघून एक शिक्षक मित्र म्हणाला, "हे तर फाळक्यांचं. एकशे दहा वर्षांपूर्वीचं."

मला दादासाहेब फाळके म्हणजे पुरस्काराचं नाव एवढंच ठाऊक. मग वाचायला लागलो आणि चकित झालो, कारण भारतीय सिनेमाची ती सगळी सुरुवात मला एका घरातली गोष्ट वाटली.

धुंडिराज गोविंद फाळके थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावात तंबूतला सिनेमा बघायला गेले होते. पडद्यावर जनावरं हलताना बघून आले, पण घरी कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला घेऊन गेले. त्या दिवशी लागला होता येशूच्या जीवनावरचा चित्रपट, आणि तो बघता बघता आपल्या देवादिकांचं असंच का दाखवू नये, हे त्यांच्या डोक्यात शिरलं. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले, थोडं शिकले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला आणि एप्रिलमध्ये परत आले.

सिनेमा काढायला भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. महिन्याहून जास्त दिवस, रोज थोडं थोडं चित्रण. त्यातून झाली मिनिटभराची फिल्म, 'अंकुराची वाढ'. ती त्यांनी निवडक लोकांना घरी दाखवली आणि बघणाऱ्यांतल्या यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज देऊ केलं. आपल्याकडे घरच्या खटाटोपावर पैसा उभा राहिल्याचं याहून जुनं चित्रित उदाहरण मला तरी ठाऊक नाही. माझी छाती फुगली. आपणही त्याच वाटेवर आहोत की!

तेवढ्या कर्जाने भागणारं नव्हतं. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले. दागिन्यांची गोष्ट सगळे सांगतात, पण मला दुसरी जास्त खरी वाटते. तेव्हाच्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची आणि भोकं नसतील तर ती कॅमेऱ्यात सरकत नाही. ती भोकं अंधारात, एका छोट्या यंत्रावर, हाताने पाडायची. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा कंपनीतल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री मुलं झोपली की भोकं.

नट मिळतानाही तीच गत. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीतले अण्णा साळुंके साडी नेसले. खानावळीत त्यांना महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. रोहिदासाच्या भूमिकेला तर कुणी मुलगा देईना, कारण गोष्टीत रोहिदास मरतो आणि आपल्या लेकराला मेलेलं बघायला कोण आई-बाप तयार होणार? मग फाळक्यांनी स्वतःच्या भालचंद्रला उभं केलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. पडद्यावरचा राजपुत्र सिनेमा काढणाऱ्याचा मुलगा होता.

एवढं वाचून मी पुस्तक मिटलं होतं. राहिलेलं नंतर वाचायला लागलं, त्याला कारण घडलं.

जानेवारीत एका रविवारी आम्ही किल्ल्यात बुरुज मोजायचा खेळ करत होतो. धाकटा पायऱ्यांवरून पळत खाली येणार आणि शेवटच्या पायरीवर थांबून आकडा ओरडणार, असं ठरलं होतं. दोनदा झालं. मला प्रकाश आवडला नाही. तिसऱ्यांदा तो घसरला आणि हनुवटीवर आपटला. मी धावलो, उचललं, रुमाल लावला, दवाखान्यात नेलं. दोन टाके पडले. निदान मला माझं असं आठवत होतं.

रात्री बायको माझ्या फोनवर व्हिडिओ बघत बसली होती. काही बोलली नाही. मग फोन माझ्यापुढे धरला.

"पडल्यापासून अकरा सेकंद चालू आहे हे," ती म्हणाली. "तुम्ही काय करत होता?"

चित्र जराही हललेलं नव्हतं. पोरगं मधोमध होतं. एका जागी तर मी थोडं जवळ घेतलं होतं.

मी म्हणालो, सुचलं नाही. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्या अकरा सेकंदांत डोक्याच्या एका कोपऱ्यात 'हे चालेल' असं काहीतरी येऊन गेलं होतं. हे मी तिला त्या रात्री सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

पुस्तक पुन्हा उघडलं ते त्यानंतर. 'राजा हरिश्चंद्र'च्या चित्रीकरणात भालचंद्र खेळताना पडला, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला, असं सांगतात. मंडळी म्हणाली, काम थांबवू, पोराला आधी मुंबईला नेऊ. रोहिदास मरून पडल्याचा प्रसंग चित्रित व्हायचा होता. पैसा संपत आला होता, दिवस वाया घालवणं परवडणारं नव्हतं. फाळक्यांनी बेशुद्ध मुलावरच तो प्रसंग उरकला.

फाळक्यांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. त्यांचं घरदार गहाण पडलं होतं, माझं काहीच पडलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे एका देशाची कला उभी राहायची होती, माझ्यापुढे शंभर डॉलर. म्हणून तर मला ते जास्त झोंबलं. आणि मुलं पडद्यावर आणू नयेत असंही मला म्हणायचं नाही. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. फिल्म सुरू होते ती तिच्या चेहऱ्यावरच्या वेगवेगळ्या भावांनी. हसणं, रुसणं, रागावणं, आणि मग त्या मुलीचा कृष्ण होतो. मी ती थोरलीला दाखवली. ती म्हणाली, "हिला मजा येतेय." खरंच येतेय. पण मजा येतेय की नाही, हे फोन धरणाऱ्याला ठरवू द्यायचं नसतं, एवढं मला आता कळलंय.

जगाला हे कळायला एक पोरगा फसावा लागला. चॅप्लिनच्या १९२१च्या 'द किड'मधला लहान मुलगा जॅकी कूगन. त्याने लाखो डॉलर कमावले आणि मोठा झाल्यावर बघतो तर आई आणि सावत्र बापाने जवळपास सगळे उडवलेले. १९३८मध्ये त्याने त्यांच्यावर दावा लावला, हाती थोडंच आलं, पण त्याच्यामुळे १९३९मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. फोनवरच्या मुलांसाठी फ्रान्सने २०२०मध्ये कायदा केला, अमेरिकेत इलिनॉय राज्याचा २०२४पासून लागू झाला.

आपल्याकडेही काही नाही असं नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६मध्ये बदल झाला, त्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना दोन सवलती आहेत. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावता येतो आणि सिनेमा, मालिका, जाहिरातींत कलाकार म्हणून काम करता येतं. २०१७चे नियम सांगतात की अशा बालकलाकाराचं काम दिवसात पाच तासांपेक्षा जास्त नको, सलग तीन तासांपेक्षा जास्त नको आणि कमाईतले निदान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचे. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. हे सगळं लिहिताना डोळ्यापुढे स्टुडिओ होता. आमच्यासारख्या घरात निर्माता, पालक आणि कॅमेरावाला एकच. घरचा धंदा म्हणावा तर घरचा धंदा, सिनेमा म्हणावा तर सिनेमा. परवानगी मागणाराही बाप आणि पोराच्या वतीने हरकत घेणाराही बापच!

यूट्यूबचीही एक गोष्ट तेव्हाच नीट समजली. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून २०१९मध्ये अमेरिकेत गुगल आणि यूट्यूबला सतरा कोटी डॉलर मोजावे लागले. त्यानंतर जानेवारी २०२०पासून प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी बनवलाय की नाही, हे सांगावं लागतं. 'हो' म्हटलं की बघणाऱ्याच्या सवयी हेरून लावलेल्या जाहिराती बंद होतात, कमेंटही बंद. साहजिकच कमाई घटते. मी आजवर सगळीकडे 'नाही' ठोकत होतो. आमचे खेळ पोरं बघतात हे मला माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल?

आम्ही घरात बसून ठरवलं. जुन्या व्हिडिओंवर 'हो' केलं. टाक्यांचा व्हिडिओ कुठेच टाकला नव्हता, तो फोनमधूनही काढला. आता पडद्यावर हात दिसतात, माती दिसते, रोप दिसतं. चेहरा हवा असेल तर पोरं स्वतः सांगतात. दुसऱ्यांदा करायचं नाही, चुकलं तर चुकलेलं टाकायचं. कमाई निम्म्याच्याही खाली आली. शंभर डॉलर व्हायला आता कैक महिने लागतात. जे येतं त्यातलं दोघांच्या नावावर बँकेत जातं आणि पासबुक थोरलीच्या दप्तराच्या कप्प्यात असतं. धाकट्याने त्यातून भोवरा मागितला. तो त्याला माझ्या खिशातून मिळाला.

एक प्रश्न तरी राहिलाच आणि तो बायकोने काढला. हे सगळे नियम मी तिला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवत होतो. कूगन, फ्रान्स, वीस टक्के. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "आणि त्या भोकं पाडणाऱ्या बाईला किती टक्के?"

मी शोधलं. साळुंक्यांचे पंधरा रुपये नोंदले गेले. सरस्वतीबाईंच्या रात्रींचा आकडा कुठे सापडला नाही.

आता हिशेबाची वही बायकोकडे असते. खातंही तिच्या नावावर केलं. त्यासाठी नव्याने पिनचं पाकीट मागवलं, तेव्हा वर तिचं नाव होतं आणि जिल्ह्याचंही नवं नाव होतं, धाराशिव. आईने तेही देवापुढे ठेवलं. वहीच्या पहिल्या पानावर बायकोने कामं आणि वाटे लिहिलेत. खेळ सांगणे: आजी. सामान आणि जुळवाजुळव: ती स्वतः. खेळणे: दोघं पोरं. प्रत्येकापुढे वाटा आहे.

सगळ्यात खाली लिहिलंय, फोन धरणे: बाबा. त्याच्यापुढे तिने रेघ मारलीय.