तळटीप १४ : ‘कझिन’

१४. विद्यार्थिनी आधी ‘ब्रदर’ म्हणते आणि शिक्षकांनी हटकल्यावर ‘कझिन’, यात लपवाछपवी नाही. मँडरिन चिनीत या एका इंग्रजी शब्दासाठी आठ शब्द आहेत. वडिलांच्या भावाची मुले ‘थांग’, म्हणजे एका घराण्याची, एका आडनावाची. आत्या, मामा, मावशी यांची मुले सरसकट ‘प्याओ’, म्हणजे बाहेरची. आपल्याकडे आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ वेगळे राहतात, चिनीत ते एका कप्प्यात जातात. उलट मराठी शब्दात नसलेले थोरले-धाकटेपण तिथे टाळताच येत नाही. ‘प्याओच्ये’ म्हणजे वयाने मोठी आते-, मामे- किंवा मावसबहीण. इंग्रजी ‘कझिन’मधून यातले काहीच कळत नाही, मुलगा की मुलगी हेसुद्धा नाही. त्यातून १९८० ते २०१५ या काळातल्या एकापत्य धोरणामुळे शहरांत सख्खी भावंडे विरळ झाली आणि चुलत-मामेभावालाच नुसते ‘कक’ (थोरला भाऊ) म्हणणे रुळले. ‘ब्रदर’ हे त्याचेच शब्दशः भाषांतर. मराठी घरांतही मामेभावाची ओळख ‘माझा भाऊ’ अशीच करून दिली जाते, तेव्हा वाचकाला हे परके वाटू नये. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत मात्र ‘कझिन’ पुतण्या-भाच्यांनाही चाले. तो अर्थ इथे नको.