दोन-तीन मिनिटांची मुलाखत

प्रवेशाच्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न आला होता, ‘वडील काय करतात?’ दुसरा, ‘राहता कुठे?’ तिसरा आलाच नाही. कॉलेजचं नाव आता सांगण्यात अर्थ नाही. पुढे कित्येक वर्षांनी अजय हसिया खटल्याचा निकाल वाचला आणि श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजने नाकारलेली ती मुलं मला ओळखीची वाटली.

१९७९चे प्रवेश. लेखी परीक्षा १०० गुणांची, मुलाखत ५०ची. म्हणजे एक तृतीयांश वजन तोंडी बोलण्याला. त्यातले १० गुण तर नुसत्या ‘व्यक्तिमत्त्वा’चे! (सतराव्या-अठराव्या वर्षी ते कितीसं असतं?) मुलाखत दोन-तीन मिनिटांची आणि, मुलांच्या तक्रारीनुसार, प्रश्न आईवडिलांचे नि राहत्या ठिकाणाचे. लेखीत वर असलेले तोंडीत घसरले, मागचे आत गेले.

नोव्हेंबर १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. न्या. भगवती यांनी मुलाखत मोडीत काढली नाही. लेखीला पूरक म्हणून ती चालेल, पण तिला १५ टक्क्यांहून जास्त गुण देणं मनमानी आहे, असं त्यांनी ठरवलं. मुलाखती टेप कराव्यात, असंही सुचवलं. मला ही सूचनाच जास्त मोलाची वाटते. टेप फिरत असती तर मला तिसरा प्रश्न नक्की आला असता.

झालेले प्रवेश मात्र रद्द झाले नाहीत. मधे बराच काळ गेला होता. वगळलेल्यांतल्या ५० गुणवंतांना १९८१-८२साठी जादा जागा मिळाल्या. दोन वर्षं उशिरा.