पत्ता हरवलेली चित्रे

पुढच्या सगळ्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घड्याळाच्या आहेत. भारतातली वेळ हवी असेल तर त्यांत साडेतेरा तास मिळवावेत.

२५ फेब्रुवारी १९९३

इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात काम करणाऱ्या मार्क अँड्रीसनने वेबवर काम करणाऱ्या मंडळींना एक प्रस्ताव पाठवला. पानात चित्र दाखवण्यासाठी ‘आयएमजी’ नावाचा टॅग असावा आणि त्यात चित्राचा पत्ता लिहावा, असा तो प्रस्ताव. मोझेक या ब्राउझरने तो अमलात आणला आणि मजकुराच्या शेजारी चित्र दिसू लागले.

पुढचे सगळे समजण्यासाठी या टॅगचा स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. चित्र पानात नसतेच, पानात असतो फक्त पत्ता. ब्राउझर पान वाचत जातो, पत्ता सापडला की तिथे वेगळी मागणी पाठवतो, उत्तर आले तर चित्र रंगवतो. एका पानावर चाळीस चित्रे असली तर अशा चाळीस मागण्या जातात. त्या एकाच सर्व्हरकडे जातील असेही नाही. मजकूर एका यंत्रावरून येतो आणि चित्र हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या यंत्रावरून. दोन्ही वेळेवर आले की वाचकाला वाटते, पान एकसंध आहे.

१४ मार्च २००६

ॲमेझॉनने एस-थ्री ही साठवणसेवा सुरू केली. फाइल ठेवा, पत्ता घ्या, वापराल तेवढे पैसे भरा. स्वतःचा सर्व्हर सांभाळणे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी ही मोठीच सोय होती आणि वेबवरची चित्रे तिथे मुक्कामाला जाऊ लागली. एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की एस-थ्रीमध्ये २ लाख कोटी फाइली आहेत आणि गर्दीच्या वेळी सेकंदाला ११ लाखांहून अधिक मागण्या येतात.

या सेवेचे एक आश्वासन प्रसिद्ध आहे. ठेवलेली फाइल वर्षभरात नष्ट न होण्याची शक्यता ९९.९९९९९९९९९ टक्के, म्हणजे एकूण अकरा वेळा नऊ. ते खरे आहे आणि त्याच्यामागे उत्तम अभियांत्रिकी आहे. पण फाइल शाबूत असणे वेगळे आणि मागितल्या क्षणी हाती येणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचे आश्वासन एवढे मोठे कधीच नव्हते. माझ्या मते अनेक पाने बांधणाऱ्यांनी पहिला आकडा वाचला आणि दुसऱ्याचीही खात्री आपोआप मिळाली असे धरून चालले. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी जे घडले त्यातला बराच भाग या गैरसमजाचा होता.

२८ फेब्रुवारी २०१७, मंगळवार, सकाळी ९:३७ च्या आधी

उत्तर व्हर्जिनियातला ‘यूएस-ईस्ट-१’ हा ॲमेझॉनच्या क्लाउडचा सर्वांत जुना विभाग. एस-थ्रीची बिले तयार करणारी यंत्रणा अपेक्षेपेक्षा हळू चालत होती, म्हणून एस-थ्रीचाच एक चमू कारण शोधत होता. पानांवर चित्रे व्यवस्थित दिसत होती.

त्याच विभागातल्या दोन उपयंत्रणांची ओळख इथेच करून घेऊ. पहिली इंडेक्स: कुठली फाइल नेमकी कुठे ठेवली आहे, याची नोंद तिच्याकडे. दुसरी प्लेसमेंट: नवी फाइल आली की तिच्यासाठी जागा ठरवणे हे तिचे काम, आणि ते करायला तिला इंडेक्स चालू लागते. इंडेक्स वाढत वाढत अवाढव्य झाली होती. तिचे आणखी लहान, स्वतंत्र भाग पाडायचे काम त्याच वर्षी पुढे करायचे ठरलेलेही होते. ते सुरू व्हायचे होते.

सकाळी ९:३७

बिलांच्या यंत्रणेशी संबंधित काही थोडे सर्व्हर बाजूला काढण्यासाठी एका कर्मचाऱ्याने कमांड दिली. त्याला तसा अधिकार होता आणि तो लिहून ठेवलेल्या ठरीव कार्यपद्धतीनुसारच चालला होता. कमांडला जी माहिती द्यायची त्यातली एक नोंद चुकली. थोड्यांऐवजी बरेच जास्त सर्व्हर निघाले आणि त्यांत इंडेक्स व प्लेसमेंट ज्यांच्या आधारावर उभ्या होत्या तेही गेले.

नंतर अनेक मथळ्यांनी ‘टायपिंगच्या चुकीने इंटरनेट कोसळले’ असे लिहिले. मला ते अन्यायाचे वाटते. माणूस कधी ना कधी चुकीचे टाइप करणारच. प्रश्न हा, की इतके सर्व्हर एका दमात काढू देणाऱ्या साधनाने ‘थांब, एवढे काढलेस तर यंत्रणा उभी राहणार नाही’ असे का म्हटले नाही. तशी अडवणूक त्या साधनात नव्हती.

दोन्ही उपयंत्रणांची एवढी क्षमता गेली, की त्या पूर्ण बंद करून पुन्हा चालू कराव्या लागणार होत्या. आणि मोठ्या विभागांमध्ये हा पूर्ण रीस्टार्ट कित्येक वर्षांत कोणी केला नव्हता.

त्यानंतरची काही मिनिटे

न्यूयॉर्कमध्ये दुपारचे पाऊण वाजत आले होते, मुंबई-पुण्यात रात्रीचे सव्वाअकरा. पाने उघडत होती, मजकूर येत होता, पण चित्रांच्या जागी तुटक्या चित्राची खूण किंवा नुसती पांढरी चौकट. स्लॅकवर फाइली चढेनात. ट्रेलो, क्वोरा, मीडियम यांच्या वापरकर्त्यांना अडचणी येऊ लागल्या. ज्यांनी चित्रांबरोबर पानाची मांडणी सांगणाऱ्या फाइलीही तिथेच ठेवल्या होत्या त्यांची पानेच विस्कटली. व्हर्जिनियातले नवे व्हर्च्युअल सर्व्हरसुद्धा सुरू होईनात, कारण तेही एस-थ्रीवर अवलंबून होते.

एकही चित्र नष्ट झालेले नव्हते. गोदाम भरलेले होते, कुठल्या खणात काय आहे ती वही तेवढी मिटलेली होती.

१० ते साडेअकरा

हा दीड तास पान सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत कठीण. चित्र दिसत नाही म्हटल्यावर कोणताही अनुभवी माणूस आधी स्वतःच्या घरात शोधतो, आणि ते बरोबरच आहे, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. पत्ता लिहिताना फोल्डरचे नाव चुकलेले असते. आपल्या विंडोज मशीनवर ‘फोटो’ची फाइल मोठ्या अक्षरांत असो की छोट्या, चालून जाते, लिनक्स सर्व्हर मात्र त्या दोन वेगळ्या फाइली मानतो आणि अपलोड केल्यावर चित्र गायब होते. कधी फाइल सर्वांना वाचता येईल अशी परवानगी दिलेली नसते. कधी पान सुरक्षित जोडणीवरून येते आणि चित्राचा पत्ता असुरक्षित राहिलेला असतो, मग ब्राउझर तो अडवू शकतो. कधी जाहिराती रोखणारे एक्स्टेंशन फाइलीच्या नावातला एखादा शब्द बघून चित्रच रोखते.

हे वेगळे ओळखायचा रस्ता सरळ आहे. चित्राचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडावा, एफ-१२ दाबून नेटवर्कची खिडकी बघावी आणि त्या मागणीपुढचा आकडा वाचावा. ४०४ असेल तर सर्व्हर जागेवर आहे, पण या पत्त्यावर काही नाही: पत्ता तपासा. ४०३ असेल तर दार बंद आहे: परवानगी तपासा. ५०० किंवा ५०३ असेल तर दोष मागणाऱ्याचा नाही, सर्व्हरच उत्तर देण्याच्या स्थितीत नाही. आकडाच नसेल, मागणी लोंबकळत राहिली असेल, तर वाटेत किंवा पलीकडे काहीतरी अडले आहे. त्या दिवशी पाचशेच्या घरातले आकडे येत होते. ज्याने ते वाचले तो पाच मिनिटांत समजू शकत होता, की आपल्या कोडला हात लावण्यात अर्थ नाही. ज्याने वाचले नाही त्याच्या हातून चांगले चाललेले पत्ते बदलले जाण्याची, फाइली पुसून पुन्हा चढवण्याचा प्रयत्न होण्याची भीती होती. तसे करू पाहणाऱ्याला नव्या फाइलीला जागा देणारी प्लेसमेंटही बंद मिळणार होती.

गोंधळ वाढवणारी दुसरी गोष्ट कॅश. ज्याने सकाळीच ते पान पाहिले होते त्याच्या ब्राउझरने चित्रांची प्रत जपून ठेवलेली असू शकत होती, त्यामुळे त्याला सगळे ठीक दिसायचे. ज्या पानांपुढे सीडीएन होते, म्हणजे जागोजागी प्रती ठेवणारे सर्व्हर, त्यांची लोकप्रिय चित्रे येत राहायची आणि क्वचित मागितली जाणारी अडायची. ‘माझ्याकडे तर दिसतंय!’ हे वाक्य अशा वेळी खरेही असते आणि निरुपयोगीही. कॅश टाळून, खासगी खिडकीत, शक्य तर दुसऱ्या नेटवर्कवरून पाहिल्याशिवाय काही ठरवू नये.

आणि वाचकाचे काय? आयएमजी टॅगमध्ये ‘ऑल्ट’ नावाची एक जागा असते, चित्र नसेल तेव्हा दाखवायच्या मजकुरासाठी. १९९७ च्या एचटीएमएल ४ ने ती अनिवार्य केली. अंध वाचकाला स्क्रीन रीडर रोज हाच मजकूर वाचून दाखवतो. त्या मंगळवारी डोळस वाचकही त्याच जागी येऊन थांबला. जिथे कोणी ‘पूररेषा दाखवणारा नकाशा, नदीच्या पूर्वेकडची गावे लाल रंगात’ असे काही लिहून ठेवले होते तिथे चौकट निदान बोलत होती. जिथे जागा रिकामी होती तिथे वाचकाला आपण काय गमावले हेही कळले नाही. माहिती देणाऱ्या चित्राचा ऑल्ट रिकामा सोडणे हा मला वाचकाचा अनादर वाटतो, वेळ कितीही कमी असो. चित्राची लांबीरुंदी टॅगमध्ये लिहिलेली असली तर चित्र येण्याआधी आणि आल्यावर मजकूर खालीवर उड्या मारत नाही. या दोन ओळी लिहायला काही पैसे पडत नाहीत.

११:३७

दोन तास झाले. आतापर्यंत ॲमेझॉनच्या सेवांची प्रकृती दाखवणारा डॅशबोर्ड एकेका सेवेची खरी स्थिती दाखवू शकत नव्हता, कारण तो अद्ययावत करणारी यंत्रणासुद्धा एस-थ्रीवर विसंबून होती. कंपनी ट्विटरवरून आणि डॅशबोर्डच्या माथ्यावरच्या पट्टीतून माहिती देत होती. या क्षणी डॅशबोर्ड दुरुस्त झाला.

मला या सगळ्या घटनाक्रमात सर्वांत गंभीर हीच बाब वाटते. मिटलेली चित्रे परत येतात. पण बिघाडाची बातमी देणारी जागा बिघडलेल्या यंत्रणेतच ठेवली, तर चूक कोणाकडे आहे हे ठरवायचा आधारच जातो, आणि जगभरचे लोक आपापल्या निर्दोष पानांत दोष शोधत बसतात.

दुपारी १२:२६

इंडेक्सची पुरेशी क्षमता उभी राहिली आणि फाइल वाचण्याच्या, यादी करण्याच्या, पुसण्याच्या मागण्यांना उत्तरे मिळू लागली. रीस्टार्टला एवढा वेळ लागला, कारण नोंदी खऱ्या आहेत का हे तपासून मगच यंत्रणा उघडायची होती, आणि मधल्या वर्षांत त्या प्रचंड वाढल्या होत्या. घाई न करता तपासणी पूर्ण केली हे योग्यच झाले. चुकीच्या पत्त्यावरून भलतेच चित्र देण्यापेक्षा रिकामी चौकट बरी.

१:१८

इंडेक्स पूर्ववत. जुनी चित्रे परतली.

१:५४

प्लेसमेंटही सावरली, नवी चित्रे चढू लागली. भारतात १ मार्च उजाडायचा होता, पहाटेचे ३:२४ झाले होते. एस-थ्रीवर अवलंबून असलेल्या काही सेवांकडे तुंबलेले काम साचले होते, त्यांना आणखी वेळ लागला.

काही पाने त्यानंतरही थोडा वेळ रिकामीच दिसली असतील, त्याचेही कारण कॅशच. वाटेतले सर्व्हर चित्रासारखेच चुकीचे उत्तरही काही मिनिटे जपून ठेवू शकतात आणि मूळ जागा सावरल्यावरही तेच पुढे देत राहतात. मुदत संपली की ते आपोआप सुटते. घाई असेल तर सीडीएनवरची प्रत काढून टाकावी लागते आणि ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून पान नव्याने मागवावे लागते.

२ मार्च

कंपनीने काय घडले ते वेळांसह प्रसिद्ध केले आणि दिलगिरी व्यक्त केली. क्षमता काढणारे साधन आता हळू काढेल आणि उपयंत्रणा किमान पातळीखाली जाणार असेल तर नकार देईल, असा बदल केला होता. डॅशबोर्डची यंत्रणा एकाहून अधिक विभागांत पसरवली होती. इंडेक्सचे लहान भाग पाडायचे जे काम वर्षात पुढे व्हायचे होते ते तातडीने हाती घेतले जात होते.

चित्रांची दुसरी प्रत आपोआप दुसऱ्या विभागात ठेवायची सोय एस-थ्रीवर मार्च २०१५ पासूनच होती. साठवणीचा खर्च त्याने जवळजवळ दुप्पट होतो, आणि नुसती प्रत असून भागत नाही. पानातला पत्ता वेळ पडल्यास तिकडे वळवण्याची तजवीजही आधीच करून ठेवावी लागते. ती ज्यांनी केली होती त्यांच्या वाचकांना त्या मंगळवारची चार तास सतरा मिनिटे फारशी जाणवण्याचे कारण नव्हते.