रक्तातील मेद आणि मानेतील रोहिण्या

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले की आपल्याला प्रथम हृदयविकाराची भीती वाटते. परंतु हाच मेद मेंदूकडे जाणाऱ्या मानेतील रोहिण्यांतही साचतो आणि पक्षाघाताला कारणीभूत ठरू शकतो.

मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक ग्रीवा रोहिणी, म्हणजेच कॅरोटिड आर्टरी, वर जाते. कंठाच्या पातळीवर तिला दोन फाटे फुटतात. एक मेंदूला व डोळ्याला, तर दुसरा चेहऱ्याला रक्त पुरवतो. या फाट्याजवळ रक्ताचा प्रवाह एकसारखा राहत नाही. त्यामुळे एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल तेथील अस्तरात सहज शिरते. कालांतराने मेदाचा थर साचून रोहिणी अरुंद होते. थराला तडा गेल्यास त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि तिचे कण मेंदूत जाऊन अडकतात.

ही प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासाच्या १९९७ मधील निष्कर्षांनुसार, उतारवयातील या अरुंदपणाचा संबंध आधीच्या अनेक वर्षांतील कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपानाशी आढळला. म्हणूनच केवळ एका तपासणीतील चांगल्या आकड्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

धोक्याची सूचना

रोहिणी बरीच अरुंद होईपर्यंत अनेकदा कोणताच त्रास जाणवत नाही. काही रुग्णांना मात्र पूर्वसूचना मिळते. एका डोळ्यापुढे अचानक पडदा आल्यासारखे होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते किंवा बोलणे अडखळते. दृष्टी ज्या बाजूची रोहिणी दूषित, त्याच बाजूची जाते. हातापायांतील शक्ती मात्र विरुद्ध बाजूची जाते. ही लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली तरी त्यांकडे दुर्लक्ष करू नये. पुढील काही दिवसांतच मोठा झटका येण्याचा धोका असतो. त्यामुळे तातडीने रुग्णालय गाठावे.

तपासणी व उपचार

मानेची डॉपलर सोनोग्राफी ही वेदनारहित तपासणी असून तिच्यामुळे अरुंदपणाचे प्रमाण समजते. लक्षणे नसलेल्या सरसकट सर्वांनी ती करण्याची आवश्यकता नाही.

औषधांत स्टॅटिन गटातील गोळ्या महत्त्वाच्या आहेत. मेदाच्या थरामुळे पक्षाघात झालेल्या रुग्णांत एलडीएल साधारणतः ७० मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचा सल्ला दिला जातो. लक्षणे दिसलेल्या आणि रोहिणी ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झालेल्या रुग्णांत मेदाचा थर काढण्याची शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. उत्तर अमेरिकेतील १९९१ च्या चाचणीत अशा रुग्णांचा दोन वर्षांतील त्या बाजूच्या पक्षाघाताचा धोका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. ही शस्त्रक्रिया शक्यतो लक्षणांनंतर दोन आठवड्यांच्या आत व्हावी. काही रुग्णांत स्टेंट बसवला जातो.

धूम्रपान वर्ज्य करणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, तूप, वनस्पती तूप आणि तळलेल्या पदार्थांना आवर घालणे आणि नियमित चालणे ही पथ्ये सर्वांसाठीच हितकारक आहेत. कोलेस्टेरॉल कमी आले म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना गोळ्या बंद करू नयेत. ते कमी आलेले असते बहुधा त्या गोळ्यांमुळेच.