चोवीस लाख मतें

कोणतीहि नवी सोय घरांत आली कीं तिच्याविषयींचें मत आधीं तयार होतें आणि तिचा उपयोग मागाहून कळतो. आगगाडी, तारायंत्र, बोलपट, रेडिओ, ह्या सर्वांच्या वांट्याला हेंच आलें, आणि इंटरनेटच्या वांट्यालाहि तेंच आलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगम ह्या सरकारी कंपनीनें भारतांतील सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. प्रारंभींच्या अडचणी इतक्या होत्या कीं निगमाचे अध्यक्ष बी. के. सिंगल ह्यांना जाहीरपणें लोकांची क्षमा मागावी लागली. शुल्क हजारों रुपयांच्या घरांत होतें, आणि पहिल्या सहा महिन्यांत ग्राहक मिळाले ते सुमारें दहा हजार.

त्या काळीं इंटरनेट टेलिफोनच्याच तारेवरून येत असे. तें चालू असेपर्यंत फोन अडकून पडे, बाहेरगांवचा निरोप येत नसे, महिनाअखेर बिल फुगे आणि वडील माणसें मुलांवर चिडत. ज्यांच्या घरीं संगणक नव्हता त्यांचीं मुलें नाक्यावरच्या सायबर कॅफेंत तासाच्या भावानें बसत. तेथें अभ्यास किती होतो आणि खेळ किती चालतात, हा पुन्हां घरोघरीं वादाचा विषय. २००४ सालीं सरकारनें ब्रॉडबँडचें धोरण आंखलें, तेव्हां सेकंदाला २५६ किलोबिट इतका वेग त्या नांवाला पुरेसा मानला गेला. ह्या सेवेविषयींचीं मतें पुष्कळ होतीं, पण तीं उंबऱ्याच्या आंतलीं होतीं. १९९७ सालीं स्थापन झालेलें दूरसंचार नियामक प्राधिकरण, जें 'ट्राय' ह्या आद्याक्षरांनीं ओळखलें जातें, तें मोठा निर्णय करण्यापूर्वीं प्रश्नावली काढून जनतेचें मत मागवीत असे, हें खरें. परंतु उत्तरें यावयाचीं तीं बहुतांशीं कंपन्यांचीं, त्यांच्या संघटनांचीं व थोड्या जाणकारांचीं. फोन अडकून पडतो म्हणून कुरकुरणाऱ्या गृहिणीला अशी कांहीं प्रश्नावली निघते ह्याची वार्ताहि नसे.

पुढें हें मत उंबऱ्याबाहेर पडलें तें मुख्यत्वें समाजमाध्यमांच्या वाटेनें. २०१४ पर्यंत एकट्या फेसबुकचे भारतांत दहा कोटींहून अधिक सभासद झाले होते. चहाच्या वेळीं जें बोलावयाचें तें आतां लिहिलें जाऊं लागलें, आणि लिहिलेलें मत अंगाशीं येऊं शकतें हेंहि लवकरच दिसून आलें. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबईंत पाळल्या गेलेल्या बंदविषयीं फेसबुकवर चार शब्द लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला, आणि त्यांस नुसती पसंती दर्शविल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला, अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचें जें ६६ अ कलम अशा वेळीं उगारलें जाई, तें २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविलें. त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं, २७ मार्चला, ट्रायनें एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं संबंध नव्हता. तरी मत मांडण्याची भीति थोडी ओसरलेल्या लोकांसमोर मत मागणारा कागद यावा, हा योग विलक्षण खरा.

प्रश्नावलीचें मूळ तीन महिने आधींच्या एका प्रकरणांत होतें. डिसेंबर २०१४ मध्यें एअरटेल कंपनीनें जाहीर केलें कीं इंटरनेटवरून संभाषण करणाऱ्या ग्राहकांस त्यासाठीं निराळा आकार पडेल. कंपन्यांचें दुखणें समजण्यासारखें होतें. मनोरे आपण उभारावयाचे, ध्वनिलहरींचा परवाना सरकारकडून जबर किंमतीस आपण घ्यावयाचा, आणि ग्राहकानें मात्र आपल्या फोनच्या मिनिटांऐवजीं स्काइप किंवा व्हायबरवरून परदेशीं बोलावें, हें त्यांना सोसेना. पण गवगवा इतका झाला कीं थोड्याच दिवसांत ती योजना मागें घ्यावी लागली, आणि प्रश्न ट्रायच्या दारीं गेला.

प्रश्न असा होता. टपालाच्या पाकिटाला तिकीट लागतें तें वजनाप्रमाणें. आंत लग्नपत्रिका आहे कीं सावकाराची नोटीस आहे हें पाहून पोस्टमास्तर दर ठरवीत नाहीं. आणि ठरवूं लागला तर पत्रव्यवहार कोणाचा चालावा व कोणाचा बंद पडावा हें त्याच्या हातीं जाईल. इंटरनेटच्या वाहकानेंहि आंतील मजकूर न पाहतां सर्वांस एकच दर व एकच वेग द्यावा, ह्या तत्त्वाला टिम वू ह्या अमेरिकन प्राध्यापकांनीं २००३ सालीं 'नेट न्यूट्रॅलिटी' असें नांव दिलें. मराठी वृत्तपत्रांनीं तेंच नांव उचललें. कोणीं इंटरनेट समानता म्हटलें, पण तो शब्द रुळला नाहीं.

ट्रायची ती प्रश्नावली ११८ पानांची होती. तिच्यांत २० प्रश्न होते, आणि भाषा अशी कीं वकिलानेंहि दोनदां वाचावी. येथें निखिल पाहवा ह्या पत्रकारासह कांहीं तरुण स्वयंसेवक पुढें सरसावले. त्यांनीं प्रश्न सोपे करून सांगितले, उत्तरांचे मसुदे तयार केले, आणि एक बटण दाबतांच तें उत्तर ट्रायला पोंचेल अशी सोय केली. 'एआयबी' ह्या विनोदी मंडळीनें एक चित्रफीत काढून तोच विषय हंसतखेळत मांडला, आणि ती हां हां म्हणतां सर्वत्र पसरली. ज्या मुलांना दूरसंचार हा शब्दहि रुक्ष वाटे तीं आईवडिलांना नेट न्यूट्रॅलिटी समजावून सांगूं लागलीं. २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत दहा लाखांहून अधिक ईमेल आले. एवढ्यांत फ्लिपकार्ट ह्या कंपनीनें, कांहीं ठरावीक ॲप्स ग्राहकांस विनामूल्य दाखविणाऱ्या एअरटेलच्या नव्या योजनेंतून अंग काढून घेतलें. ट्रायनें तीं सारीं उत्तरें पारदर्शकतेच्या नांवाखालीं आपल्या संकेतस्थळावर जशींच्या तशीं छापलीं, तीं पाठविणारांच्या ईमेल पत्त्यांसकट! मत मागणाऱ्याला मतदाराची एवढी संवय नव्हती, एवढाच ह्या घोटाळ्याचा अर्थ.

परंतु खरी परीक्षा अजून व्हावयाची होती. १० फेब्रुवारी १९१५ नव्हे, २०१५ रोजींच (शंभर वर्षांपूर्वींचा जाहिरातदार ही युक्ति पाहून थक्क झाला असता) फेसबुकनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्यानें भारतांत एक योजना सुरू केली होती. महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, तेलंगण, तमिळनाडु आणि केरळ ह्या सहा राज्यांत त्या कंपनीच्या ग्राहकांस तीसहून अधिक संकेतस्थळें फुकट पाहतां येत. त्यांत फेसबुक स्वतः होतें. यादीबाहेरच्या कशासहि मात्र पैसे पडत. सप्टेंबर २०१५ मध्यें योजनेचें नांव 'फ्री बेसिक्स' झालें. डिसेंबरांत मोठमोठ्या फलकांवर व दैनिकांच्या पानभर जाहिरातींत तें नांव झळकूं लागलें, आणि २८ डिसेंबरला खुद्द मार्क झुकरबर्ग ह्यांनीं 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहिला. सार्वजनिक ग्रंथालयांत सर्व पुस्तकें नसतात, सरकारी दवाखान्यांत सर्व उपचार होत नाहींत, म्हणून तीं कोणी बंद करीत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. दाखल्यासाठीं त्यांनीं महाराष्ट्रांतील एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तो ह्या सेवेवर पावसाचा अंदाज आणि मालाचे भाव पाहतो. त्याच्या हातून ती कां काढून घ्यावी?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. बहुसंख्य भारतीयांकडे त्या वेळीं इंटरनेट नव्हतेंच, आणि नाहीं मामापेक्षां काणा मामा बरा, हें खेड्यांतील माणसाला पटवून द्यावें लागत नाहीं. शहरांत पूर्ण इंटरनेट भोगणाऱ्यांनीं दुसऱ्याच्या फुकट सोयीला आक्षेप घ्यावा, ह्यांत एक प्रकारचा सुखवस्तूपणा होता हेंहि नाकारतां येत नाहीं. विरोधकांचें उत्तर एवढेंच होतें कीं ग्रंथालयांतील पुस्तकें कोणता एक प्रकाशक स्वतः निवडीत नाहीं. जो शेतकरी आज भाव पाहतो तो उद्यां आपल्या तालुक्यांतील एखाद्या होतकरू तरुणानें काढलेलें, पण यादींत न बसलेलें संकेतस्थळ पाहणारच नाहीं. कारण तेथें मीटर फिरतो. मामा काणा असला तरी हरकत नाहीं, पण कोणत्या डोळ्यानें पाहावें हें त्यानें भाच्याला कां सांगावें?

९ डिसेंबर २०१५ रोजीं ट्रायनें दुसरी प्रश्नावली काढली होती. मजकूर पाहून निरनिराळे दर आकारावे कीं काय, एवढाच तिचा विषय, आणि प्रश्न अवघे चार. फेसबुक उघडतांच सभासदाला एक सूचना दिसूं लागली: फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या. पत्र तयार होतें. नुसतें बोट लावण्याचा अवकाश. अमेरिकेंतील व इंग्लंडांतील कांहीं सभासदांनाहि ती सूचना गेली, ती चुकून गेली असें कंपनीनें मागाहून सांगितलें. मुदत ७ जानेवारी २०१६ पर्यंत वाढविण्यांत आली. ती संपली तेव्हां उत्तरें चोवीस लाख भरलीं, आणि त्यांपैकीं १८ लाख ९४ हजार फ्री बेसिक्सच्या बाजूचीं होतीं. त्यांतहि १३ लाख ५० हजार फेसबुकच्याच टपालांतून आलेलीं, व ५ लाख ४४ हजार त्या मोहिमेच्या संकेतस्थळावरून.

आतां एवढ्या बहुमतापुढें मान तुकवावयाची कीं नाहीं? ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा ह्यांच्यापुढें हा पेंच होता. त्यांच्या कार्यालयानें पाहिलें कीं पत्रांत फ्री बेसिक्सची स्तुति आहे, पण विचारलेल्या चार प्रश्नांपैकीं एकाचेंहि उत्तर नाहीं. तेव्हां फेसबुकला कळविण्यांत आलें कीं आपल्या सभासदांना मूळ प्रश्न पोंचवा व त्यांचीं उत्तरें मागवा. जानेवारींत दोघांमध्यें तिखट पत्रव्यवहार झाला. विचारपूर्वक निर्णयासाठीं केलेल्या चर्चेला कंपनी घडवून आणलेल्या कौलाचें ओबडधोबड रूप देऊं पाहत आहे, अशा आशयाचे शब्द ट्रायनें त्यांत वापरले.

निःपक्षपातीपणें पाहतां एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. एप्रिलमध्यें दहा लाख उत्तरें आलीं तींहि पुष्कळशीं मसुद्यावरूनच आलीं होतीं. स्वतःच्या शब्दांत लिहिणारे त्या वेळीं थोडे आणि बोट लावणारे पुष्कळ होते. मग फरक कोणता? एक तर असा कीं एप्रिलच्या मसुद्यांत वीसहि प्रश्नांचीं उत्तरें होतीं, आणि पाठविणाऱ्याला ते बदलतां येत. दुसरें म्हणजे ज्या कंपनीच्या व्यवहाराविषयीं प्रश्न होता, तीच कंपनी मतपत्रिका छापून, घरोघर वांटून, पेटीपर्यंत पोंचवीतहि होती. पहिला फरक बारीक आहे; दुसरा मात्र नजरेआड करणें कठीण. आणि दोन्ही बाजूंच्या पत्रांत, ज्यांच्याकरितां हा सारा खटाटोप होता त्या इंटरनेट नसलेल्या माणसाचें पत्र कोठून असणार? ईमेल पाठविण्यास त्याला इंटरनेटच लागलें असतें.

८ फेब्रुवारी २०१६ रोजीं निर्णय आला. मजकूर पाहून निराळा दर आकारण्यास बंदी झाली. मोडणाऱ्यास दिवसाला ५०,००० रुपये, जास्तींत जास्त ५० लाखांपर्यंत, दंड ठरला. संकटकाळीं तातडीच्या सेवा स्वस्त देण्यास सूट ठेवली. ट्रायनें दिलेलें कारण मननीय आहे: बहुतेक लोक अजून इंटरनेटवर यावयाचे असतां त्यांची प्रवेशाची वाट कंपन्यांनीं आंखली, तर इंटरनेट म्हणजे काय हेंच त्या लोकांकरितां कंपन्या ठरवितील. म्हणजे जो मुका होता, त्याच्या वतीनें अखेर विचार झाला तो असा. तीनच दिवसांनीं फेसबुकनें भारतांतील फ्री बेसिक्स बंद केलें. मधल्या वेळांत कंपनीच्या संचालकमंडळावरील मार्क अँड्रीसन ह्यांनीं, वसाहतवादाला विरोध करून भारतीयांनीं आपलें आर्थिक नुकसानच करून घेतलें, असा शेरा मारला. तो त्यांना मागें घेऊन क्षमा मागावी लागली. फ्री बेसिक्सच्या विरोधकांना वर्षभर जें नीट सांगतां आलें नव्हतें, तें त्या एका ओळीनें सांगून टाकलें.

वादाचा निकाल कायद्यानें लागला, पण काण्या मामाचा प्रश्न सोडविला तो बाजारानें. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. पुढील ३१ मार्चपर्यंत ती फुकट होती, आणि तिला यादी नव्हती. सारें इंटरनेट खुलें होतें. इतर कंपन्यांना दर उतरवावे लागले, आणि ज्यांच्या नांवानें शहरांत वाद झाले ते लोक थोड्या वर्षांतच फोन घेऊन पारावर बसूं लागले. त्यांचीं मतें काय होतीं? रेंज येत नाहीं. डेटा दुपारींच संपतो. मुलें फोन सोडीत नाहींत, रात्रंदिवस खेळतात. १९९५ च्या बैठकीच्या खोलींतील तक्रारी जशाच्या तशा पारावर आल्या.

जुलै २०१८ मध्यें केंद्र सरकारनें नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी स्वीकारल्या. त्या वेळीं फारसें कोणी लिहिलें नाहीं. २ सप्टेंबर २०२० रोजीं देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव सरकारनें ११८ ॲप्सवर बंदी घातली, आणि त्यांत लाखों मुलांचा 'पब्जी मोबाइल' हा खेळ होता. त्या रात्रीं कित्येक घरांतील आयांनीं सुटकेचा निश्वास टाकला आणि मुलें जेवलीं नाहींत. मतें दोन्ही बाजूंस भरपूर होतीं. प्रश्नावली मात्र ह्या खेपेस निघाली नव्हती.