वेलांटी आधी की अक्षर आधी?

'तू कॉम्प्युटरवाली, बदलत्या तंत्रज्ञानावर काहीतरी लिही,' असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा आधी मी टाळाटाळच केली. आपली १९९५ ची दहावीची तुकडी आता शेहेचाळिशीत आहे. बँकेत किंवा शाळेत हे वय अनुभवाचे समजतात; माझ्या व्यवसायात ते आजीबाईचे. माझ्या टीममधल्या सर्वांत धाकट्या मुलीचा जन्म २००१ चा, म्हणजे मी इंजिनिअर झाले त्या वर्षीचा. काय हवे ते ती यंत्राला सांगते आणि यंत्र प्रोग्रॅम लिहून देते. माझी बोटे मात्र अजून कीबोर्डकडेच धावतात. गेल्या दोन वर्षांत आमच्या मजल्यावरचे चाळिशीपुढचे बरेच जण गेले. काही आपणहून, काही नाही.

पण नुसती कुरकूर कोण वाचणार? म्हणून थोडा इतिहास सांगते, आपल्याच लिपीचा.

जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळापासून पुढे शंभरेक वर्षे मराठी अक्षर म्हणजे शिशाचा खिळा. इंग्रजी जुळाऱ्याचे काम सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांत भागे. मराठी जुळाऱ्यासमोर जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून शेकडो खिळ्यांचे खण. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवर, आणि ओळ उलटी वाचायची. कोणता खिळा कुठल्या खणात, हे तो डोळ्यांनी शोधत नसे, हाताला माहीत असे. आपल्या क्रीडास्पर्धांची प्रमाणपत्रे अशाच एका छापखान्यातून येत.

मग टंकयंत्र. गोदरेजने भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र १९५५ मध्ये बाजारात आणले. शाळेमागच्या गल्लीतली टंकलेखन संस्था माझ्या बाबांची, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. दहावीच्या सुट्टीत निम्मा वर्ग तिथे होता. मराठी ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा, सरकारी नोकरीची आशा, आणि एका वेळी चौदा यंत्रांचा खडखडाट. आपल्या चाचणी परीक्षांच्या सायक्लोस्टाइल प्रश्नपत्रिकांचे स्टेन्सिलही बाबाच कापून देत. (प्रश्नपत्रिका एकदाही फुटली नाही, हे गुरुजनांच्या माहितीसाठी.)

शेकडो खिळे चाळीस-पंचेचाळीस कळांवर बसवायचे म्हणजे लिपीची मोडतोड आलीच. ख, घ, भ, श यांना पूर्ण कळ नव्हती. अर्धे अक्षर उमटवून पुढे काना ओढायचा. 'कि' उमटवताना आधी वेलांटी आणि मग क, कारण कागद एकाच दिशेने सरकतो आणि वेलांटी डावीकडे असते. बोलताना आपण आधी क् म्हणतो, मग इ. पण यंत्रापुढे बोलण्याचे काही चालत नसे. हजारो मराठी टंकलेखकांच्या बोटांत 'वेलांटी आधी' हे असे मुरले.

संगणक आला तेव्हा ही सवय उलटी झाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक ठरवला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर. पहिलीत घोकलेली वर्णमालाच ती. अक्षरे साठवण्याचे भारतीय प्रमाण, इस्की, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली. या सगळ्यांत उच्चाराप्रमाणे चालायचे : आधी अक्षर, मग वेलांटी.

बाबा हे शिकायला बसले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. बोटे सवयीने आधी वेलांटी दाबत आणि पडद्यावर अक्षराच्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. 'हे मला शून्य मार्क देतंय,' असे ते म्हणत. तीन महिने लागले त्यांना.

विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फाँट घरोघरी पोहोचला. तो घडवणारे आर. के. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतले शिक्षक. जन्म १९३६ चा. म्हणजे टाक-बोरूवर हात बसलेला माणूस साठीच्या आसपास संगणकाची अक्षरे घडवत होता. यावरून मला धीर आला असे लिहिले तर शोभून दिसेल, पण जोशींसारखी माणसे थोडी असतात. जुळारी आणि टंकलेखक यांतल्या बहुतेकांची नोंदही कुठे नाही. गेल्या दशकात टंकलेखनाच्या परीक्षाही संगणकावर गेल्या आणि बाबांची चौदांपैकी तेरा यंत्रे किलोच्या भावाने विकली गेली. गंमत म्हणजे जुन्या टंकयंत्राची मांडणी संगणकावरही मिळते आणि कित्येक कार्यालयांत आजही तीच चालते. तिथे वेलांटी अजून आधीच.

बाबांचे जे गेले नाही, ते वेगळे होते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हा फरक त्यांना खिळ्यात, स्टेन्सिलवर आणि पडद्यावर सारखाच दिसे. युनिकोडमध्ये या ऱ साठी वेगळी खूण आहे.

माझ्या कामातले कोणते ज्ञान बोटांचे आणि कोणते अक्षरांचे, हे मी सध्या रोज तपासते. उत्तर दर वेळी माझ्या बाजूचे येत नाही. मध्यंतरी यंत्राने लिहिलेला एक प्रोग्रॅम नावे दहा खुणांवर तोडत होता. 'लक्ष्मीकांत' आपल्या हिशेबी चार अक्षरांचा, संगणकाच्या हिशेबी अकरा खुणांचा. त्याचा शेवटचा त गेला. ते माझ्या लक्षात आले, इतर कुणाच्या नाही. दुरुस्ती मात्र त्या धाकट्या मुलीने त्याच यंत्राकडून पाच मिनिटांत करून घेतली. मला त्याला अर्धा दिवस लागला असता.

आता एक कामाचे. नव्वदच्या दशकाअखेरीस निघालेल्या आपल्या शाळेच्या स्मरणिकेची फाइल माझ्याकडे आली आहे. तेव्हा प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि त्यामागे दडलेली खरी अक्षरे रोमन. त्यामुळे आज ती उघडली की नुसते चिन्हांचे कडबोळे दिसते. त्याआधीची, खिळ्यांनी छापलेली स्मरणिका मात्र कपाटातून काढली की वाचता येते. फाइलचे युनिकोडमध्ये रूपांतर मी केले आहे, पण जोडाक्षरे आणि ऱ ठिकठिकाणी बिघडले आहेत. चाळीस पाने मुद्रितशोधनाची उरली आहेत. ज्यांच्या घरी छापील प्रत असेल त्यांनी स्नेहसंमेलनाला येताना घेऊन यावी. बाबा वाचायला बसणार आहेत; मराठीच्या बाईंनीही होकार दिला आहे. आणखी दोघे-तिघे हवे आहेत.