एंडोटॉक्सिन ते एचडीएल: एका प्रश्नाचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

हिंगोलीतल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल करा, रिपोर्टवर एचडीएल आणि एलडीएल हे दोन आकडे असतातच. आपण ते हृदयविकाराशी जोडून मोकळे होतो. पण कोलेस्टेरॉल वाहून नेणारे हेच कण सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात तेव्हाही, काम करत असतात. हे कसं कळलं, ते आज बघू. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना यातून एक महत्त्वाची गोष्ट शिकता येईल.

सुरुवात १८९२ ची. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांनी कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारून गिनीपिगना टोचले. जंतू मेलेले, तरी प्राणी दगावले. म्हणजे विष जंतूच्या शरीरातच होतं. हेच एंडोटॉक्सिन. पुढे कळलं की ते ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस आहे.

हे फायफर मुंबईत येऊन गेले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि १८९७ मध्ये जर्मन प्लेग आयोग मुंबईला आला. त्यात फायफर होते. नंतर कॉखही आले. त्याच वर्षी १० जानेवारीला हाफकिन यांनी मारलेल्या जंतूंपासून बनवलेली लस स्वतःला टोचून घेतली. १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगचा जंतूही ग्रॅम-निगेटिव्हच. लस आली, पण जंतू रक्तात पसरल्यावर शरीरात नेमकं काय बिघडतं, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

दुसरा धागा वेगळ्याच प्रयोगशाळेतला. १९२९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिशेल माशबफ यांनी घोड्याच्या रक्तद्रवातून चरबी आणि प्रथिन एकत्र असलेला कण वेगळा केला. त्यालाच आज आपण एचडीएल म्हणतो. मग कॅलिफोर्नियात जॉन गॉफमन यांनी अल्ट्रासेंट्रिफ्यूज वापरून हे कण घनतेनुसार वेगळे केले, आणि विषय हृदयरोगाकडे वळला.

दोन्ही धागे १९७९ मध्ये जुळले. रिचर्ड उलेविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तात शिरलेलं एलपीएस एचडीएलला जाऊन चिकटतं. एलपीएसचा एक भाग चरबीचा, म्हणून हे जमतं. एकदा चिकटलं की ते रोगप्रतिकारक पेशींना फारसं भडकवू शकत नाही. १९९३ मध्ये जनुकीय बदलाने एचडीएल दुप्पट केलेले उंदीर एंडोटॉक्सिन दिल्यावर जास्त प्रमाणात जगले. तीन वर्षांनी निरोगी स्वयंसेवकांना आधी एचडीएलसारखे कण आणि मग थोडं एंडोटॉक्सिन दिलं, तेव्हा त्यांची लक्षणंही कमी झाली.

इकडे रुग्णालयांत दिसत होतं की सेप्सिसमध्ये एचडीएल झपाट्याने खाली येतं आणि ज्यांचं फार कमी, त्यांच्यात मृत्यू जास्त. मग काय, एचडीएल वाढवा, रुग्ण वाचेल?

थांबा. इथेच गल्लत होते. एचडीएल कमी म्हणून रुग्ण गंभीर, की रुग्ण गंभीर म्हणून एचडीएल कमी? सूज वाढली की यकृताचं कामच बदलतं. आकडा त्यानेही घसरतो. एलपीएसला बांधून ठेवील असं फॉस्फोलिपिडचं इमल्शन हजाराहून जास्त रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं. निकाल २००९ मध्ये आला: मृत्यू कमी झाले नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. उंदरांत आणि स्वयंसेवकांत संरक्षण आधीपासून होतं. रुग्ण मात्र दवाखान्यात पोहोचतो तेव्हा आग आधीच पेटलेली असते.

तरी प्रश्न संपला नाही. २०१४ मध्ये दिसलं की ज्यांच्यात पीसीएसके९ हे प्रथिन जन्मतः कमी काम करतं, ते सेप्टिक शॉकमधून जास्त प्रमाणात वाचतात. हे प्रथिन यकृतावरचे एलडीएल रिसेप्टर कमी करतं. ते ढिलं पडलं की रिसेप्टर वाढतात आणि कणांसोबत जंतूंची चरबीही लवकर साफ होते. शिवाय जनुकं आजारपणाआधीच ठरलेली असतात, त्यामुळे 'आधी काय' हा गोंधळ इथे बराच कमी होतो.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना दोन आकडे सोबत हलताना दिसले, तर लगेच 'यामुळे ते' असं लिहू नका. आधी विचारा, यातलं पहिलं कोण हललं?